वाण येतो कोठून? : जर्बिलच्या रंगांचे गणित

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण संगतीचा परिणाम सांगण्यासाठी वापरतो. त्यामुळे आपले लक्ष नेहमी तिच्या उत्तरार्धाकडे जाते. आम्हांला मात्र येथे 'वाण नाही' या दोन शब्दांविषयीच बोलायचे आहे. वाण म्हणजे रंग. शेजाऱ्याची खोड लागेल, पण रंग लागणार नाही, असे ज्या शेतकऱ्याने पहिल्यांदा म्हटले त्याने आपल्या गोठ्यात डोळे उघडे ठेवून पाहिले होते यात शंका नाही. मग हा वाण येतो तरी कोठून? आईबापांकडून, असे उत्तर कोणीही देईल आणि पाठोपाठ 'खाण तशी माती' ही दुसरी म्हणही ऐकवील. पण अडचण नेमकी येथेच आहे. माती पुष्कळदा खाणीसारखी निघत नाही. तपकिरी आईबापांच्या पोटी काळेकुळकुळीत पिल्लू येते, काळ्या जोडप्याच्या पिलांत एखादे राखी निघते, आणि पाहणारा विचारतो, 'हे कोणावर गेले?'

हा प्रश्न गोठ्यापुरता राहत नाही. पाळण्याभोवती जमलेल्या नातेवाइकांतही तो विचारला जातो, आणि तेथे तो दर वेळी गमतीचा असतोच असे नाही. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे. माणसावरून ते समजून घेणे कठीण. कारण माणसाची पिढी पंचवीस वर्षांची, मुले दोन-तीन, आणि लग्ने काही शास्त्रज्ञांच्या सोयीने होत नाहीत. त्यासाठी ज्याची पिढी तीन-चार महिन्यांत उलटते असा लहानसा प्राणी घ्यावा. आम्ही येथे जर्बिल हा प्राणी घेतला आहे.

जर्बिल म्हणजे उंदराच्या गणगोतातला, वाळवंटी आणि कोरड्या माळरानात बिळे करून राहणारा प्राणी. भारतीय जर्बिल आपल्या देशात सर्वदूर आढळतो, आणि राजस्थान व कच्छच्या वाळवंटात त्याचा एक दिवसा हिंडणारा भाऊबंद राहतो. परंतु जगभर घराघरांतून जो पाळला जातो तो जर्बिल मंगोलियातला. त्याचे अंग जेमतेम बोटभर-दीड बोट लांब, जवळजवळ तेवढीच केसाळ शेपटी, टपोरे काळे डोळे, आणि धोका वाटला की मागच्या पायांनी जमिनीवर धपधप आपटून सोबत्यांना सावध करण्याची सवय. आर्मां दाविद या फ्रेंच धर्मोपदेशकाने १८६६ साली उत्तर चीनमधून या प्राण्याचे नमुने पॅरिसला पाठवले आणि मिल्न-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने १८६७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १९३५ साली अमूर नदीच्या खोऱ्यात वीस जोड्या पकडून जपानमध्ये नेण्यात आल्या. त्यांच्या वंशातल्या काही जोड्या १९५४ साली व्हिक्टर श्वेंटकर यांच्याकडे अमेरिकेत गेल्या. प्रथम प्रयोगशाळेत आणि मग मुलांच्या खोलीत, असा त्यांचा प्रवास झाला. आज पाश्चात्त्य देशांत पाळले जाणारे बहुतेक जर्बिल त्या मूठभर पूर्वजांचे वंशज आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

रानातल्या जर्बिलचा रंग एकच असतो. पाठ वाळूसारखी तांबूस-तपकिरी आणि पोट पांढरे. पाळीव जर्बिल मात्र काळे, राखी, सोनेरी, फिकट जांभळट, दुधी, बांडे अशा कितीतरी रंगांचे असतात. एका रंगातून एवढे रंग कसे निघाले, हे समजण्यासाठी आधी एक केस हाती घेतला पाहिजे.

रानटी जर्बिलच्या पाठीवरचा एक केस उजेडात धरला तर तो एकरंगी नाही असे दिसेल. मुळाशी तो करडा असतो, मध्ये पिवळसर सोनेरी पट्टा आणि टोक काळे. असे हजारो केस एकावर एक बसले की दुरून वाळूचा रंग दिसतो. आकाशात घिरट्या घालणाऱ्या ससाण्यापासून जीव वाचवायला तो अगदी योग्य. आता हे सारे रंग काढणारी रंगशाळा पाहिली तर तिच्यात फक्त दोन रंग आढळतात. केसाच्या मुळाशी बसलेल्या रंगपेशी मेलॅनिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्याचे दोन प्रकार, एक काळे आणि एक पिवळे. केस वाढत असताना रंगपेशी आधी काळे द्रव्य ओतते, मग थोडा वेळ पिवळे आणि पुन्हा काळे. पिवळ्याची पाळी आली की पट्टा उमटतो. मांजरापासून माणसापर्यंत सर्व सस्तन प्राण्यांचे केस आणि कातडी याच दोन द्रव्यांनी रंगतात. द्रव्य किती, कोणते आणि कोठे घालायचे, एवढाच काय तो फरक.

पिवळ्याची पाळी कधी आणायची, हा हुकूम एका जनुकाकडून येतो. जनुक म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रावर लिहिलेली एक सूचना. जर्बिलच्या प्रत्येक पेशीत ४४ गुणसूत्रे असतात. २२ आईकडून आलेली आणि २२ बापाकडून. म्हणून प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक मातृकुळाची आणि एक पितृकुळाची. पट्ट्याचा हुकूम देणाऱ्या जनुकाला आपण सोयीसाठी 'पट्टा-जनुक' म्हणू. त्याची एक प्रत जरी धड असली तरी काम भागते आणि केसांवर पट्टा उमटतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर पिवळ्याची पाळी येतच नाही; केस मुळापासून टोकापर्यंत काळा होतो आणि काळा जर्बिल जन्मतो. धड प्रतीचा असा वरचष्मा असतो म्हणून तिला प्रभावी म्हणतात आणि बिघडलेल्या प्रतीला अप्रभावी.

आता शुद्ध तपकिरी कुळातल्या नराची काळ्या मादीशी जोडी लावू. जर्बिलची मादी साधारण पंचवीस दिवसांत विते आणि एका वेतात चार ते सहा पिल्ले होतात. पिल्ले जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात. आठवड्याभरात लव येऊ लागली की रंग कळतो. या जोडीची सगळी पिल्ले तपकिरी निघतात. बापाच्या कुळाने आईच्या कुळाला साफ गिळून टाकले असे वाटावे! परंतु हीच पिल्ले मोठी होऊन अशाच दोन पिलांची आपसांत जोडी लागली, की पुढच्या वेतांत काळी पिल्ले पुन्हा प्रकट होतात. पुष्कळ वेते मोजली तर दर चारांत सरासरीने एक.

याचे कारण नाणेफेकीइतके सोपे आहे. या दुसऱ्या पिढीतल्या प्रत्येक आईजवळ आणि बापाजवळ एक धड आणि एक बिघडलेली प्रत आहे. पिलाला ते दोहोंतली कोणती तरी एकच देणार. जणू दोघांनी एकेक नाणे उडवावे. छापा म्हणजे धड प्रत, काटा म्हणजे बिघडलेली. दोन नाणी उडवल्यावर दोन्ही काटे पडण्याचा संभव चारांत एक, आणि तेच काळे पिल्लू. दोन्ही छापे पडण्याचा संभवही चारांत एक. उरलेल्या दोन वेळा एक छापा आणि एक काटा. ही पिल्ले दिसायला तपकिरी, पण पोटात काळा रंग बाळगून असतात.

हा हिशेब प्रथम मांडला तो ब्रुनो शहरातल्या मठात वाटाण्याची झाडे लावणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी, १८६६ साली. त्या काळी विद्वानांचीही समजूत अशी होती, की आईबापांचे गुण संततीत दूध आणि पाण्यासारखे मिसळतात. दुधात पाणी घातले की ते दोन्ही पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. मेंडेल यांनी दाखवले की ही मिसळ दूध-पाण्याची नसून गहू-हरभऱ्याची आहे. पोत्यात एकत्र झाले तरी गहू गहूच राहतो, हरभरा हरभराच. निवडायला बसले की पुन्हा वेगळे. काळा रंग तपकिरीत विरघळला नव्हता. तो एक पिढी झाकला गेला होता, एवढेच. मेंडेल यांच्या निबंधाची दखल घ्यायला जगाला १९०० साल उजाडावे लागले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ल्युसियाँ क्युएनो या फ्रेंच संशोधकाने उंदरांच्या रंगांनाही तोच नियम लागू पडतो असे दाखवून दिले.

यावरून पहिला धडा असा मिळतो की दिसणे आणि असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समोरच्या तपकिरी जर्बिलच्या पोटात काळा रंग आहे की नाही, हे त्याच्याकडे कितीही निरखून पाहिले तरी कळणार नाही. ते कळण्याचा जुना मार्ग एकच. काळ्या जोडीदाराशी त्याची जोडी लावून पाहायची. एक जरी काळे पिल्लू झाले तरी निकाल लागला. त्याने काळी प्रत दडवली होती हे सिद्ध झाले. उलट सगळी पिल्ले तपकिरी झाली तर ती नाही असे हळूहळू मानता येते. तशी सलग सात पिल्ले झाली, तरी ती लपलेली असूनही केवळ योगायोगाने असे घडण्याचा संभव १२८ मध्ये १ उरतोच. 'आहे' हे एका पिलाने कळते. 'नाही' म्हणायला मात्र पुष्कळ पिल्ले मोजावी लागतात.

आता दुसरे जनुक घेऊ. एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर काळे द्रव्य फार फिके पडते, पिवळे मात्र बरेचसे शाबूत राहते. अशा जर्बिलची पाठ सोनेरी दिसते आणि डोळ्यांतले काळे द्रव्यही उणावल्यामुळे डोळे माणकासारखे लाल दिसतात. याला 'लालडोळी जनुक' म्हणू. पट्टा-जनुक आणि लालडोळी जनुक एकमेकांची भीड न धरता वाटले जातात. त्यामुळे दोन्हींची एकेक बिघडलेली प्रत लपवणाऱ्या दोन तपकिरी जर्बिलांची जोडी लागली, तर सरासरीने दर सोळा पिलांत नऊ तपकिरी, तीन काळी, तीन सोनेरी निघतात, आणि सोळावे फिकट जांभळट राखी. हा शेवटचा रंग आईचा नाही, बापाचा नाही आणि चारी आजी-आजोबांतही कोणाचा असेल असे नाही. पट्टा नाही म्हणून तो काळा व्हायचा, पण काळे द्रव्यच फिके, म्हणून जांभळट. दोन्ही घराण्यांत दडलेले चार काटे एका पिलात एकत्र पडले म्हणून हा नवा वाण दिसला. नवे असे त्यात काहीच नाही. फक्त जुन्याची मांडणी नवी. तिसरे एक जनुक पिवळ्या द्रव्याला पुसून टाकते. त्याच्यामुळे तपकिरी जर्बिल राखी होतो आणि काळा जर्बिल पाटीच्या दगडाच्या रंगाचा.

वाटणी अशी बेभीड होण्यासाठी दोन जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, निदान एकमेकांपासून लांब असावी लागतात. एकाच गुणसूत्रावर शेजारी असली तर ती बहुधा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. सस्तन प्राण्यांतली अशी जोडी उंदराच्या रंगांवरून प्रथम दाखवली ती जे. बी. एस. हॉल्डेन, त्यांची बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांनी. तो निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत स्प्रंट महायुद्धात मारला गेला होता. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात कायमचे राहायला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. उंदरांच्या रंगांपासून आरंभ करून मनुष्यजातीच्या आनुवंशिकतेपर्यंत पोहोचलेले त्यांचे आयुष्य पाहिले, म्हणजे असले विषय पोरखेळाचे नव्हेत हे पटते.

रंगाच्या जनुकांतले सर्वांत चमत्कारिक जनुक आता पाहू. मेलॅनिन तयार व्हायला एक विकर लागते. विकर म्हणजे विरजणासारखा पदार्थ. स्वतः थोडा, पण काम मोठे घडवून आणणारा. हे विकर पार निकामी झाले तर प्राणी पांढरा आणि लाल डोळ्यांचा होतो. पांढरे ससे आणि पांढरे उंदीर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. जर्बिलमध्ये मात्र ते पुरते निकामी होत नाही. ते उष्णतेला भिते. कढत दुधात विरजण घातले तर दही लागत नाही, पण तेच दूध कोमट असले की घट्ट लागते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. या विकराचेही तसेच आहे. शरीराच्या ऊबदार भागात ते काम करीत नाही, थंड भागात करते. म्हणून असे पिल्लू पांढरेशुभ्र जन्मते, पण वाढत जाते तसतशी त्याची शेपटी काळवंडू लागते. कारण शेपटी अंगापेक्षा थंड असते. सयामी मांजराचे काळे नाक, कान आणि पंजे याच कारणाने काळे असतात. हिमालयी नावाच्या जातीच्या सशाच्या पाठीवरचे केस काढून तेथे बर्फाची पिशवी बांधून ठेवली, तर तेथे नवे केस काळे येतात, हा प्रयोग प्रसिद्ध आहे. तेव्हा जनुक म्हणजे ललाटरेषा नव्हे. सूचना कुळातून येते; ती अमलात किती आणि कोठे येईल हे काही वेळा परिस्थितीही ठरवते.

आतापर्यंत सांगितलेल्या रंगांत कोणाच्या जिवाला धक्का नव्हता. पण एक रंग असा आहे की त्याची किंमत चुकवावी लागते. कपाळावर टिळा, मानेवर पांढरा ठिपका आणि पांढरे पाय असलेला बांडा जर्बिल मुलांना फार आवडतो. येथे द्रव्य बिघडलेले नसते. रंगपेशीच जागेवर पोहोचलेल्या नसतात. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याजवळ जन्म घेतात आणि तेथून साऱ्या अंगभर पसरतात. कपाळ, पोट, पंजे ही टोकाची ठिकाणे. तेथपर्यंत त्या पोहोचल्या नाहीत की ती जागा पांढरी राहते. बांडेपणाचे हे जनुक प्रभावी आहे. एक प्रत मिळाली की पिल्लू बांडे. पण दोन्ही प्रती तशा मिळाल्या तर ते पिल्लू जन्मालाच येत नाही. आईच्या पोटातच त्याचा अंत होतो.

अशा मूक मृत्यूचा शोधही आकड्यांतूनच लागला. क्युएनो यांच्या पिवळ्या उंदरांच्या जोड्यांना दर चारांत तीन पिवळी पिल्ले व्हायला हवी होती. १९०५ साली त्यांनी नोंदवले की हिशेब जमत नाही आणि शुद्ध पिवळा उंदीर सापडतच नाही. १९१० साली कॅसल आणि लिटल या अमेरिकन संशोधकांनी पुष्कळ वेते मोजून दाखवले की खरे प्रमाण तीनास एक नसून दोनास एक आहे. चौथा वाटा कोठे गेला? तो जन्मलाच नव्हता. वहीतल्या रिकाम्या रकान्याने न दिसलेल्या पिलांची वार्ता सांगितली.

बांड्या जर्बिलचा हिशेब असाच आहे आणि तो पाळणाऱ्याने अवश्य करून पाहावा. दोन्ही बांड्यांची जोडी लावली आणि चार गर्भ राहिले, तर सरासरीने एक दगावतो, दोन बांडी पिल्ले होतात आणि एक एकरंगी. बांड्याची जोडी एकरंगी जोडीदाराशी लावली, तर त्याच चार गर्भांतून दोन बांडी आणि दोन एकरंगी पिल्ले होतात. दगावत कोणीच नाही. म्हणजे दोन्ही रीतींनी बांडी पिल्ले दोनच! पहिल्या रीतीने एक जीव जातो आणि हाती जास्त काहीच येत नाही. 'दोघे बांडे असले म्हणजे पिल्ले जास्त बांडी होतील' ही समजूत अर्धीमुर्धी खरी दिसते, कारण जन्मलेल्या तीनांत दोन बांडी दिसतात. न जन्मलेले चौथे कोणी मोजत नाही. अज्ञानाने होणारी हिंसा अनेकदा अशीच, न मोजलेल्या रकान्यात लपलेली असते.

आता आरंभी ध्यानात ठेवायला सांगितलेल्या मूठभर पूर्वजांकडे वळू. रानात जर्बिलांची संख्या मोठी. एखाद्याजवळ बिघडलेली प्रत असली तरी तशीच प्रत असलेला जोडीदार मिळणे दुर्मीळ, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या झाकलेली राहते. वंश थोड्या जोड्यांवर येऊन ठेपला की नात्यातच जोड्या लागतात, आणि एकाच पूर्वजाकडून दोन वाटांनी खाली उतरलेल्या त्याच प्रतीच्या दोन नकला एका पिलात भेटतात. जे झाकलेले होते ते उघडे पडते. पिंजऱ्यातल्या रंगांची ही श्रीमंती पुष्कळ अंशी नात्यातल्या जोड्यांची आहे. तशा जोड्यांतून रंगच तेवढे उघडे पडतात असे मात्र नाही. रोग आणि दुबळेपणही त्याच वाटेने येतात.

येथून माणसाकडे वळायला लांब जावे लागत नाही. उंदीरवर्गातल्या रंगाच्या जनुकांचे सख्खे भाऊ माणसातही आहेत, हे गेल्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. उंदराला पांढरा करणारे विकराचे जनुक आणि त्याला लाल डोळे देणारे जनुक, ही दोन्ही माणसात बिघडली की मूल पांढऱ्या केसांचे, फार फिक्या कातडीचे आणि उजेड न सोसणाऱ्या डोळ्यांचे जन्मते. यालाच वर्णहीनता म्हणतात. आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १९०८ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत, जन्मजात रासायनिक दोषांची जी उदाहरणे सांगितली त्यांत हे एक होते. कोडाशी याचा काही संबंध नाही. कोड मागाहून उद्भवते आणि त्यात असलेल्या रंगपेशी नष्ट होतात. दोन्हींपैकी एकही स्पर्शाने लागत नाही. म्हणीत म्हटलेच आहे, 'वाण नाही'.

सावळ्या आईबापांच्या घरी असे मूल जन्मले म्हणजे काय होते? प्रथम कुजबूज सुरू होते. ग्रहण पाळले नसेल, काहीतरी पाहिले असेल, येथपासून ते जिभेवर आणू नये अशा संशयापर्यंत सारे काही एकट्या आईच्या वाट्याला येते. जर्बिलच्या काळ्या पिलाचे गणित ज्याने समजून घेतले आहे त्याला या कुजबुजीतला अन्याय तत्काळ दिसेल. कातडी, केस आणि डोळे या तिन्हींवर परिणाम करणारी नेहमीची वर्णहीनता अप्रभावी असते. ती व्हायला दोन बिघडलेल्या प्रती लागतात, एक आईची आणि एक बापाची. एकट्या आईला ती देता येत नाही. मग जे मूल संशयाचे कारण ठरवले जाते ते खरोखर दोन्ही घराण्यांची साक्ष घेऊनच आलेले असते. दोघांनी एकेक नाणे उडवले आणि दोन्ही काटे पडले. यात अपराध कोणाचाच नाही.

दुसरी समजूत केशराची. गरोदर बाईने केशर घातलेले दूध प्यायले की मूल गोरे होते, असे आपल्या घराघरांतून सांगतात. दूध चांगले आहे, ते तिने जरूर प्यावे. पण मुलाला रंगाच्या सूचना गर्भ राहतो त्या क्षणीच मिळालेल्या असतात. त्या वाचून केशर बदलत नाही. माणसाच्या कातडीचा रंग जर्बिलसारखा एकदोन जनुकांनी ठरत नाही. अनेक जनुके आपापला थोडाथोडा वाटा घालतात, वर ऊन आपला हात फिरवते. म्हणून एकाच आईची मुले गहूवर्णी, सावळी, उजळ अशी वेगवेगळी होतात. अनेक नाणी एकदम उडवली तर दर वेळी सारखेच छापे कसे पडतील? गोऱ्या मुलाबद्दल आईची पाठ थोपटायची आणि सावळ्या मुलीबद्दल तिला बोल लावायचा, या दोन्ही गोष्टी नाणे कसे पडले याबद्दल नाणे उडवणाऱ्याला बक्षीस किंवा शिक्षा देण्यासारख्या आहेत.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात असते. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे. घराण्यात वर्णहीनतेसारखी अप्रभावी प्रत दडलेली असेल आणि ती एकाजवळ दोघांच्या सामाईक आजी-आजोबांकडून आली असेल, तर त्याच्या आते-मामे भावंडाजवळही ती असण्याचा संभव चारांत एक असतो. परक्या घराण्यात तो पुष्कळच कमी. म्हणून कुटुंबात असे मूल झालेले असेल तर नात्यात लग्न ठरवण्यापूर्वी जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आता रक्त तपासून लपलेली प्रत ओळखता येते. जर्बिलसारखी पुढची पिढी मोजत बसावे लागत नाही. आणि मूल जन्मलेच आहे, तर त्याला उन्हात टोपी आणि अंगभर कपडे द्यावेत, डोळे तपासून घ्यावेत, शाळेत फळ्याजवळ बसवावे. त्याच्या बुद्धीत उणे काही नसते. त्याला खरा त्रास असतो तो उन्हाचा, मंद नजरेचा आणि आपण टक लावून पाहण्याचा. यांपैकी शेवटचा तरी आजच थांबवता येईल.

जर्बिलचा पिंजरा एवढे शिकवतो. वाण संगतीने लागत नाही, केशराने उजळत नाही आणि एकट्या आईकडून येत नाही. तो दोन घराण्यांनी मिळून दिलेला असतो, आणि त्यात दिसते त्यापेक्षा न दिसणारे अधिक असते. यापुढे पाळण्याभोवती जमून कोणी 'हे कोणावर गेले?' असे विचारले, तर उत्तर द्यावे, 'दोघांवरही.' शास्त्राच्या दृष्टीने ते अचूक आहे, आणि त्या खोलीत निजलेल्या बाळंतिणीच्या दृष्टीने न्याय्यही आहे.